रायफलीवर लहान विजेरी बसवायची आहे : माउंट कोणता घ्यावा?

कोठारराखण

धान्याच्या कोठाराभोवती रात्री उंदीर फार वाढले आहेत आणि त्यांच्या बंदोबस्तासाठी मी माझी परवान्याची .२२ बोअरची बोल्ट अ‍ॅक्शन रायफल वापरतो. अंतर जास्तीत जास्त ४० मीटर असते. एका हातात विजेरी धरून दुसऱ्या हाताने नीट नेम धरता येत नाही, म्हणून विजेरी रायफलीलाच जोडावी असा विचार आहे. अडचण माउंटची, म्हणजे विजेरी रायफलीवर धरून ठेवणाऱ्या जोडाची आहे.

रायफलीला रेल (जोड बसवण्याची आडव्या खाचांची पट्टी) नाही. रिसीव्हरवर (नळीच्या मागच्या धातूच्या भागावर) ११ मिमीची डव्हटेल (तिरक्या कडांची सरळ खोबण) आहे, पण स्कोपच्या, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीच्या, दोन रिंगांनी ती पूर्ण व्यापली आहे. स्कोपची नळी १ इंचाची आहे. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा असून त्याच्या पुढच्या टोकाला खालून पट्टा अडकवण्याचा स्टड आहे. विजेरी एका सीआर१२३ए सेलवर चालते, तिची लांबी ९० मिमी आहे आणि अंगाचा व्यास कॅलिपरने मोजला तर २२ मिमी भरतो. खोक्यावर पल्ला १३० मीटर असा छापला आहे. मला दिसलेले बहुतेक माउंट पिकॅटिनी या ठरलेल्या मापाच्या रेलसाठी आहेत आणि त्यांची कडी २५.४ मिमीच्या विजेरीसाठी आहेत. अशा स्थितीत तुम्ही काय कराल? शक्य असल्यास दस्त्याला भोक पाडायचे नाही.

रानवाट

रायफलीच्या नळीला चिकटणारा चुंबकी माउंट घ्या. लावायला आणि काढायला क्षणभर लागतो, आणि .२२ चा धक्का इतका कमी असतो की तो जागचा हलत नाही.

लोहारसाळ

रानवाट यांच्याशी मी सहमत नाही, आणि कारण सविस्तर लिहितो, कारण हा सल्ला फार सहज दिला जातो.

गोळी सुटताना नळी कंप पावते. हा कंप दर वेळी सारखा असतो म्हणूनच गोळ्या एका ठिकाणी पडतात. नळीवर वजन अडकवले की कंप बदलतो आणि गोळी पडण्याची जागाही सरकू शकते. त्यातून ते वजन आज तोंडाजवळ आणि उद्या दोन बोटे मागे लावले, तर रोज वेगळा नेम मिळेल. उंदरावर नेम धरताना दोन-तीन सेंटिमीटरचा फरक म्हणजे जनावर जखमी होऊन पळणे, आणि ते मला मान्य नाही. ज्या रायफलीची नळी दस्त्याला न टेकता मोकळी तरंगती ठेवलेली असते, तिच्यावर काहीही अडकवणे म्हणजे त्या रचनेचा हेतूच मोडणे होय.

दुसरी गोष्ट अशी की चुंबक फक्त पोलादी नळीवर बसतो. नळीवर अ‍ॅल्युमिनियमचे किंवा कार्बन तंतूंचे आवरण असेल, तर तो त्याला धरतच नाही.

रानवाट

लोहारसाळ, तत्त्व मान्य आहे. पण जाड नळीच्या रायफलीवर २५-३० मीटरवर मला तरी फरक दिसलेला नाही. विजेरी लावून आणि विजेरी काढून, टेकू तोच आणि काडतुसे त्याच पेटीतली ठेवून, कागदावर दोन गट (एकाच बिंदूवर नेम धरून मारलेल्या काही गोळ्या) मारून पाहावेत. दोन्ही गटांचा मध्य एकच आला तर वाद कशाचा राहतो?

लोहारसाळ

तसे मोजून पाहणार असाल तर वाद नाही. माझा आक्षेप न मोजता लावण्याला आहे, आणि चुंबकी माउंट विकत घेणारे बहुतेक जण मोजत नाहीत.

सूक्ष्ममापी

मूळ प्रश्नाकडे येतो. माउंट शोधताना आधी विजेरीकडे पाहण्याची सवय असते, तर सुरुवात रायफलीपासून करावी : धरायला जागा कोठे आहे? कोठारराखण यांच्या वर्णनावरून, नळी सोडली तर तीन जागा दिसतात. स्कोपच्या रिंगा, स्कोपची नळी आणि पट्ट्याचा स्टड.

रिंगांबद्दल आधी. काही स्कोप रिंगांच्या वरच्या टोपीवर लहानशी पिकॅटिनी रेल कोरलेली असते. ११ मिमी डव्हटेलसाठी आणि १ इंच नळीसाठी अशी जोडी मिळते. पुढची रिंग तशी घेतली की विजेरीचा भार रिंगेवरून थेट रिसीव्हरवर जातो, नळी मोकळी राहते आणि दस्त्याला हात लागत नाही. फक्त टोपी बदलू नका. वरचा आणि खालचा भाग एकाच रिंगेचे असावेत, नाहीतर गोलाई जुळत नाही आणि स्कोपच्या नळीवर वळ उमटतो. रिंगा बदलल्यावर नेम नव्याने जुळवावा लागेल, याची तयारी ठेवा.

स्कोपच्या नळीवर बसणारा माउंट मराठी आठाच्या आकड्यासारखा नसून इंग्रजी आठासारखा, म्हणजे एकावर एक दोन कड्यांचा असतो. खालचे कडे स्कोपला आणि वरचे विजेरीला. तो स्वस्त आणि हलका असतो. पण स्कोपची नळी पातळ अ‍ॅल्युमिनियमची असते आणि आत भिंगे सरकवणारी नाजूक यंत्रणा असते, त्यामुळे स्क्रू जास्त आवळला तर नळी चेपते. पुढची रिंग आणि पुढच्या भिंगाचा फुगीर भाग यांच्यामध्ये मोकळी जागा किती आहे हेही पाहा. बऱ्याच लहान स्कोपांवर ती जागा कड्याच्या रुंदीइतकीही नसते.

दीपस्तंभ

+१. आठाच्या माउंटमध्ये आणखी एक त्रास होतो. विजेरीचे डोके स्कोपच्या पुढच्या भिंगाच्या मागे राहिले, तर प्रकाश भिंगाच्या कडेवर पडतो आणि स्कोपमधून पांढुरके धुके दिसते. विजेरीचे तोंड भिंगाच्या थोडे पुढे यायला हवे. ९० मिमीच्या विजेरीला हे कदाचित जमणार नाही.

पहाटपक्षी

पिकॅटिनी आणि वीव्हर यांत नेमका काय फरक आहे? एकाचे माउंट दुसऱ्याला चालतात असे ऐकले आहे.

सूक्ष्ममापी

पहाटपक्षी, एका बाजूनेच चालतात. दोन्ही रेल वरून जवळपास सारख्या दिसतात, फरक आडव्या खाचांत आहे. वीव्हरची खाच ०.१८० इंच, म्हणजे ४.५७ मिमी रुंद असते आणि दोन खाचांतील अंतर ठरलेले नसते. पिकॅटिनीची खाच ०.२०६ इंच, म्हणजे ५.२३ मिमी असून खाचा १०.०१ मिमी अंतराने येतात. हे मोजमाप अमेरिकी सैन्याने १९९५ मध्ये मिल-एसटीडी-१९१३ या नावाने पक्के केले. त्यामुळे वीव्हरसाठी बनवलेला, एकाच आडव्या खिळीचा माउंट पिकॅटिनीवर बहुधा बसतो, पण पिकॅटिनीची जाड खिळी वीव्हरच्या खाचेत शिरत नाही.

११ मिमीची डव्हटेल ही पूर्ण वेगळी जात आहे. ती बहुतेक .२२ आणि एअर रायफलींवर असते आणि तिला आडव्या खाचा नसतात. ११ मिमीवर बसून वर पिकॅटिनी देणारे जोड मिळतात, पण ते स्कोप वर उचलतात आणि गालाची टेक बदलते.

नव्या रायफलींच्या पुढच्या आवरणावर लांबट खाचा दिसतात, ती एम-लॉक पद्धत. ती २०१४ पासून आली. ज्यांच्या रायफलीवर ती आहे त्यांचा प्रश्न सोपा आहे : रेलचा छोटा तुकडा खाचेत बसवायचा आणि विजेरी हवी त्या कोनात लावायची.

मोरपंखी

मी स्टडचा पर्याय सुचवते, कारण माझ्या लाकडी दस्त्याच्या रायफलीवर तोच वापरते. द्विपाद (दोन पायांचा टेकू) लावण्यासाठी एक जोड मिळतो, जो स्टडच्या भोकात दोन्ही बाजूंनी खिळी घालून पकडतो आणि खाली पिकॅटिनीचा तुकडा देतो. दस्त्याला भोक पाडावे लागत नाही आणि काढल्यावर खूण राहत नाही. जोडाखाली पातळ चामडे किंवा रबर घालावे, नाहीतर लाकडावर ओरखडे येतात. दाबणारा स्क्रू हळूहळू आवळत जावे आणि जोड हाताने फिरेनासा झाला की थांबावे.

तोटे दोन आहेत. विजेरी खाली आल्यामुळे रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवताना ती मध्ये येते. शिवाय नळी वरच्या बाजूला सावली टाकते. जमिनीवरच्या लक्ष्यासाठी ही सावली त्रास देत नाही, पण झाडाच्या फांदीकडे पाहताना जाणवते.

दीपस्तंभ

सावलीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. विजेरी उजवीकडे लावली तर नळीची सावली डावीकडे पडते, आणि विजेरी जितकी मागे तितकी सावली मोठी. वरच्या बाजूला लावल्यास सावली खाली जाते आणि डोळ्यांना सहसा खटकत नाही. याच कारणाने मीही सूक्ष्ममापी यांच्या रिंगेवरील रेलच्या बाजूने आहे.

आता त्या १३० मीटरच्या आकड्याबद्दल. प्रमाणानुसार विजेरीचा पल्ला म्हणजे ज्या अंतरावर प्रकाश ०.२५ लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) उरतो ते अंतर, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतके. त्या अंतरावर नेम धरण्याइतके स्पष्ट दिसेल असा त्याचा अर्थ होत नाही. पल्ला निम्मा करून त्याचा वर्ग केला की झोताची तीव्रता कँडेलात मिळते : ६५ चा वर्ग, म्हणजे ४२२५ कँडेला. ही संख्या मीटरमधल्या अंतराच्या वर्गाने भागली की लक्स येतात. ४० मीटरवर सुमारे २.६ लक्स आणि २५ मीटरवर ६.८ लक्स. स्कोपमधून उंदीर ओळखायला २५ मीटरवर हे पुरेल. ४० मीटरवर तुम्हाला ते अपुरे वाटण्याची शक्यता आहे, आणि तसे असेल तर माउंटवर खर्च करण्याआधी विजेरीचा विचार करा. ल्युमेनचा, म्हणजे एकूण प्रकाशाचा, मोठा आकडा पाहून विजेरी निवडू नये, कारण सगळा प्रकाश रुंद पसरला तर दूरवर काहीच पोहोचत नाही.

कोठारराखण

दीपस्तंभ, हे गणित कोणी असे उलगडून सांगितले नव्हते. मनःपूर्वक आभार. माझे बहुतेक नेम २५ मीटरच्या आतच असतात, त्यामुळे ही विजेरी तूर्त ठेवतो. पण कडी २५.४ मिमीची आणि विजेरी २२ मिमीची, त्याचे काय करावे?

लोहारसाळ

फरक ३.४ मिमीचा आहे, म्हणजे सगळीकडून १.७ मिमीचे अस्तर हवे. प्लास्टिकचे तयार अस्तर मिळते, पण ते नेमके याच मापाचे असेल असे नाही. मी अ‍ॅल्युमिनियमची बाही वापरतो. लेथवर २५.४ बाहेरून आणि २२ आतून अशी नळी काढून घ्यायची आणि लांबीच्या दिशेने तिला एक चीर द्यायची. स्क्रू आवळला की चीर मिटते आणि बाही विजेरीला सगळीकडून सारखी धरते. चीर कड्याच्या दोन भागांच्या फटीसमोर ठेवू नका, तिच्यापासून पाव फेरा फिरवून ठेवा.

रानवाट

यासाठी लेथ कशाला? सायकलच्या ट्यूबची पट्टी दोन वेढे गुंडाळली तरी काम होते.

लोहारसाळ

काही दिवस होते. रबर दाबाखाली हळूहळू पसरते, मग स्क्रू आपोआप सैल झाल्यासारखा होतो आणि विजेरी धक्क्याने पुढे सरकू लागते. .२२ वर चालून जाईल हे मान्य, पण मोठ्या बोअरच्या रायफलीवर हा उपाय कोणी करू नये.

गारगोटी

मी विजेरीचा माउंट त्रिमिती मुद्रणाने बनवतो, त्यामुळे २२ मिमीचे कडे थेट काढता येते आणि अस्तराची गरज राहत नाही. फक्त पीएलए हे प्लास्टिक वापरू नये. ते साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते, आणि उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या रायफलीवर तेवढे तापमान सहज येते. पीईटीजी त्याहून बरे, नायलॉन आणखी बरे. मुद्रणाचे थर कड्याच्या वेढ्याच्या दिशेने यावेत असे आडवे ठेवून छापावे. उभे छापले तर स्क्रूजवळ थर सुटतात.

निशाचर

माउंटची चर्चा उत्तम चालली आहे, पण एक गोष्ट कोणी लिहिली नाही आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. विजेरी रायफलीला जोडली की उजेड आणि नळी एकाच दिशेला पाहतात. काहीतरी खुडबुडले म्हणून त्या विजेरीने शोध घेणे म्हणजे काय आहे हे कळण्याआधीच त्याच्यावर रायफल रोखणे. ते घरचे माणूस असू शकते, शेजाऱ्याचे कुत्रे असू शकते. शोधण्यासाठी हातातली किंवा डोक्यावरची वेगळी विजेरी ठेवा. लक्ष्य ओळखले, त्याच्या मागे काय आहे हे पाहिले, की मगच रायफल वर येऊ द्या आणि तिची विजेरी लावा. .२२ ची गोळी कठीण जमिनीवरून आणि दगडावरून उसळते, आणि रात्री ती कोठे गेली हे दिसतही नाही.

माउंट बसवताना काडतूस काढलेले आहे हे चेंबरमध्ये पाहून आणि बोट घालून दोन्ही प्रकारे तपासा, आणि बोल्ट बाजूला काढून ठेवा. कृत्रिम उजेडात शिकार करण्यावर अनेक देशांत बंदी किंवा वेगळ्या परवानगीची अट असते आणि काही ठिकाणी बंदुकीला विजेरी जोडण्यावरच निर्बंध असतात. आपल्याला लागू असलेला नियम आधी पाहून घ्या.

मोरपंखी

निशाचर यांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. याच कारणाने माझ्या विजेरीचे मागचे बटण मी असे निवडले आहे की दाबून धरले तरच ती पेटते आणि सोडले की विझते.

पहाटपक्षी

विजेरी स्कोपच्या मध्याशी अगदी अचूक जुळवावी लागते का? माझ्या माउंटमध्ये जुळवणीचे स्क्रू नाहीत.

दीपस्तंभ

तितक्या काटेकोरपणाची गरज नाही. झोताचा उजळ मध्य ८ अंशांचा धरला तर ४० मीटरवर तो सुमारे ५.६ मीटर रुंद होतो. विजेरी १ अंशाने वाकडी बसली तर त्याच अंतरावर मध्य ७० सेंटिमीटर सरकतो, म्हणजे लक्ष्य उजेडातच राहते. फार अरुंद झोताच्या विजेरीलाच हा प्रश्न येतो, आणि तिथे कड्याच्या एका टोकाखाली पातळ पत्र्याचा तुकडा घालून काम भागते.

गारगोटी

धक्क्याचा परिणाम विजेरीच्या आतही होतो. रायफल मागे येते तेव्हा सेल जडत्वामुळे विजेरीच्या डोक्याकडे दाबला जातो आणि मागची स्प्रिंग क्षणभर सुटू शकते. मग विजेरी लुकलुकते, किंवा अनेक प्रकारचे उजेड देणारी असेल तर आपोआप पुढच्या प्रकारावर जाते. दोन्ही टोकांना स्प्रिंग असलेली विजेरी अशा वेळी चांगली. आणि सीआर१२३ए च्या जागी त्याच मापाचा १६३४० हा पुन्हा भरता येणारा सेल घालायचा असेल, तर विजेरी ४.२ व्होल्ट सोसते का ते तिच्या पत्रकात पाहा. सीआर१२३ए ३ व्होल्टचा असतो.

कोठारराखण

सर्वांचे सल्ले वाचून पुढच्या रिंगेवर रेल असलेली जोडी घेतली आहे. तिच्यावर २५.४ मिमीचे आडवे कडे आणि लोहारसाळ यांनी सांगितली तशी चिरलेली अ‍ॅल्युमिनियमची बाही बसवली. विजेरी स्कोपच्या डाव्या खांद्यावर, नळीपासून पूर्ण सुटी बसली आहे, आणि तिचे तोंड भिंगाच्या कडेच्या बोटभर पुढे येते, त्यामुळे धुके दिसत नाही. नेम दिवसा नव्याने जुळवला. विजेरी लावून आणि काढून मारलेले गट एकमेकांवर पडले. शोधासाठी डोक्यावरची वेगळी विजेरी घेतली आहे.

आता दोन शंका उरल्या आहेत. स्क्रू किती आवळावेत? आणि मागचे बटण स्कोपच्या वरच्या फिरकीला लागून असल्यामुळे नेम धरलेल्या अवस्थेत अंगठा तिथे पोहोचत नाही.

सूक्ष्ममापी

रिंगेच्या टोपीचे स्क्रू साधारण १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर, आणि उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल तर तोच प्रमाण मानावा. चारही स्क्रू तिरपे तिरपे, थोडे थोडे आवळत न्यावेत, म्हणजे टोपीच्या दोन्ही बाजूंची फट सारखी राहते. स्क्रू अडकवणारे द्रव लावायचे असेल तर निळे, म्हणजे मध्यम ताकदीचे घ्या. लाल द्रव सोडवायला साधारण २६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते आणि ते स्कोपजवळ करणे शक्य नाही. शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून कडेच्या धातूपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढा. स्क्रू किंचित फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

मोरपंखी

बटणासाठी तारेचे दाबबटण घ्या. विजेरीचे मागचे झाकण काढून त्या जागी तार असलेले झाकण बसते आणि तारेच्या टोकाची पट्टी दस्त्यावर डाव्या अंगठ्याखाली येते. पट्टी लाकडाला डिंकाने चिकटवू नका, तेलपाणी दिलेल्या अक्रोडावरचा थर निघून येतो. दस्त्याभोवती रुंद लवचीक पट्टा घालून त्यावर ती लावा. तार बोल्टच्या मुठीपासून दूर, डाव्या बाजूनेच न्या. मात्र तुमच्या विजेरीच्या झाकणाच्या आट्या त्या मापाच्या असायला हव्यात, म्हणून झाकण काढून सोबत नेऊन जुळवून पाहा.

पहाटपक्षी

हीच मांडणी मी माझ्या एअर रायफलीवर करू शकतो का? तिची नळी मोडून दट्ट्या मागे ओढावा लागतो, आणि आत जोरदार स्प्रिंग आहे.

लोहारसाळ

करता येईल, पण माउंट अधिक मजबूत घ्या. स्प्रिंगच्या एअर रायफलीचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दोन्ही दिशांना असतो, म्हणून साध्या रायफलीवर वर्षानुवर्षे टिकलेल्या रिंगा तिच्यावर घसरतात. ११ मिमी डव्हटेलवर बऱ्याचदा मागच्या बाजूला एक लहान भोक असते. ज्या रिंगेला खालून त्या भोकात उतरणारी थांब-खिळी असते, तीच घ्या. नळीवर तर काहीच लावू नका, कारण ती दर वेळी मोडायची असते. आणि कोणाची एअर रायफल हवेच्या टाकीची असेल, तर नळीखालच्या त्या टाकीला धातूचा चिमटा आवळू नका आणि तिच्यावर भोक कधीही पाडू नका. तिच्यात २०० बारच्या आसपास दाब असतो.